जुनी गाडी सजवायची की नवी 'स्पोर्टी' घ्यायची?

घरासमोर दहा-बारा वर्षांची स्विफ्ट नाहीतर बोलेरो उभी आहे. चावी आता आठवड्यातून दोनदा तुमच्या हातात येते. मोबाइलवर रोज कुणाची तरी खाली बसवलेली, काळ्या अलॉयची, गुरगुरणारी गाडी दिसते. आणि मग सटाण्याच्या प्रत्येक कट्ट्यावर होणारी चर्चा तुमच्याही घरी सुरू होते : हिच्यावरच दीड-दोन लाख टाकून हिला भारी बनवायचं, की ही देऊन टर्बो इंजिनवाली नवी गाडी घ्यायची?

प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्यात कायदा आहे, घरचा हिशेब आहे, आणि तुमच्यासोबत मागच्या सीटवर बसणाऱ्या चौघांचा जीव आहे. म्हणून तो नीट सोडवू या.

आत्ताच हा विषय का निघाला?

पहिलं कारण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा कर खाली आला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल, तर आता १८ टक्के. याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाड्यांना ४० टक्के.

यात स्पोर्टी गाडीवाल्यांच्या फायद्याची एक गोष्ट आहे. नियम इंजिनाचा आकार बघतो, ताकद बघत नाही. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनचं टर्बो इंजिन फक्त एक लिटरचं, पण ताकद सुमारे ११८ बीएचपी. टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ला आली तेव्हा तिचं इंजिन १.२ लिटरचं आणि ताकद जवळपास तेवढीच. दोन्ही 'छोट्या गाडी'च्या रकान्यात बसतात. म्हणजे बाजारातली सगळ्यात परवडणारी चपळ गाडी आता सगळ्यात कमी कराच्या गटात आहे.

दुसरं कारण जुन्या गाडीचं वाढतं वय. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. चारचाकीसाठी त्याची फी २०२२पासून पाच हजार रुपये आहे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीसाठी ती दहा हजार केली. शिवाय फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना 'एचएसआरपी' नंबर प्लेट. ती चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

तिसरं कारण पंपावर मिळणारं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय की, जुन्या धर्तीच्या म्हणजे ई-१०पर्यंत जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२०वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील हाही वेगळा विषय. म्हणजे जुनी गाडी 'फुकटात' ठेवता येते, हा समज आधी काढून टाका.

कायदा काय म्हणतो?

कट्ट्यावर सगळे सांगतात, 'काही होत नाही रे, पावती फाडतात फक्त.' मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ मात्र स्पष्ट आहे : कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द परत वाचा. सायलेन्सर एक, रुंद टायर दोन, बॉडी किट तीन. आणि 'मालकाला' हा शब्दही वाचा. आरसीवर नाव तुमचं नाही, वडिलांचं किंवा आजोबांचं आहे.

आवाजाचं प्रकरण वेगळं. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०नुसार पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिस रोडरोलरखाली चिरडतात, ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील. गाडीचा सायलेन्सर त्याच कलमात येतो.

मग चालतं काय? मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं, पण ते आरसीवर चढवून आणि विमा कंपनीला कळवून. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेले बदल परवानगीने चालतात. रंग बदलता येतो. पण रंग आरसीवर लिहिलेला असल्याने त्याचीही नोंद हवी. सटाण्याच्या गाड्या एमएच-४१च्या, म्हणजे हे सगळं काम मालेगावच्या आरटीओत. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला टायरचा आकार बसवला तर सहसा अडचण येत नाही. सीट कव्हर, स्पीकर, टचस्क्रीन यांना कुणी हरकत घेत नाही.

काय अजिबात नको? काचांवर काळी फिल्म. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच त्यावर बडगा उगारला. पुढे लावलेला लोखंडी बंपर गार्ड. केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. हा गार्ड धडकेचा धक्का गाडीच्या सांगाड्यात थेट पोहोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो. समोरच्या पायी माणसाला तर तो जास्तच लागतो.

आता विमा. बदल कळवला नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. सेन्सर कापून जोडलेल्या वायरिंगमुळे गाडी पेटली, तर सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघतो.

पैसे टाकून नेमकं मिळतं काय?

गाडी 'फास्ट' करणं म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नव्याने प्रोग्रॅम करणं. गॅरेजच्या भाषेत रीमॅप. टर्बो इंजिनात हे जाणवतं, कारण टर्बोचा दाब वाढवून जास्त हवा आणि जास्त इंधन आत ढकलता येतं. जुन्या डिझेल स्विफ्टमधलं १.३ लिटरचं इंजिन म्हणूनच रीमॅपवाल्यांचं लाडकं आहे. पण वाढलेला जोर फक्त चाकांवर जात नाही. तो आधी क्लचवर, मग गिअरबॉक्सवर, मग दीड लाख किलोमीटर चाललेल्या टर्बोवर जातो. खर्चाची दुसरी पावती सहा महिन्यांनी येते.

बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत तर फारसं काही हाती लागत नाही. चांगला एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, रीमॅप सगळं केलं तरी ताकद थोडीशीच वाढते. वाढतो तो आवाज. आणि आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. कलम १९० याच 'वाटण्या'वर लागतं.

एक गंमत बघा. २०११ला आलेल्या स्विफ्टचं १.२ पेट्रोल इंजिन साधारण ८५ बीएचपीचं. २०२४ला आलेल्या नव्या स्विफ्टचं साधारण ८०. म्हणजे कागदावर जुनीच ताकदवान! मग तेरा वर्षांत बदललं काय? नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि घसरती गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा प्रत्येक व्हेरियंटला आहे. जुन्या स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला एबीएसही नव्हतं, एअरबॅगही नव्हत्या. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९मध्ये.

माझ्या मते या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. सायलेन्सर, अलॉय, स्पॉइलर सगळं बाहेरून बसवता येतं. एअरबॅग आणि ईएससी बाहेरून बसवता येत नाहीत. जुन्या गाडीची ताकद वाढवली की तुम्ही तिचा वेग २०२५चा करता, पण सुरक्षा २०१२चीच राहते.

याउलट, जुन्या गाडीत काही पैसे टाकणं खरोखर शहाणपणाचं आहे. चार चांगले टायर. ब्रेक पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल. शॉकॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश. पिवळट झालेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घेणं. हॅलोजनच्या डोममध्ये पांढरे एलईडी बल्ब ठोकणं नव्हे, कारण त्यांचा प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो. इंजिनाचं ट्यूनिंग आणि ई-२० सोसतील असे इंधनाचे पाइप. हे सगळं कायदेशीर आहे, आरसीला हातही लागत नाही. ताहाराबादहून सेलबारीचा घाट उतरताना फरक कळतो. सांधे निखळलेली जुनी गाडी या कामांनंतर जितकी बदलते, तितकी रीमॅपने बदलत नाही.

नवी गाडी : हप्ता ठरलेला, भाव नाही

आता दुसरी बाजू. समजा एक्स-शोरूम नऊ लाखांची टर्बो पेट्रोल गाडी आवडली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९९ हजार. विमा, नोंदणी धरून गाडी दहा लाखांच्या पुढे जाते. जुनी गाडी देऊन आणि घरातले थोडे टाकून उरलेलं आठ लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १७ हजार. पाच वर्षांत बँकेला परत जातात १० लाख २० हजार; म्हणजे व्याजच २ लाख २० हजार.

नोकरदाराच्या घरात हा हिशेब पगारातून जुळतो किंवा जुळत नाही. बागलाणात तो क्विंटलमध्ये करावा लागतो. कांदा दोन हजारांनी गेला तर १७ हजारांचा हप्ता म्हणजे साडेआठ क्विंटल. हजाराने गेला तर सतरा क्विंटल. दर महिन्याला, साठ महिने. आणि यात बियाणं, मजुरी, औषधं, चाळीतली सड धरलेलीच नाही.

भाव किती हलतात, हे तुमच्या घरात वेगळं सांगायला नको. तरी सरकारी निर्णयांची यादी बघा. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबर २०२३मध्ये थेट निर्यातबंदी. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य. सप्टेंबर २०२४मध्ये शुल्क २० टक्के आणि किमान मूल्याची अट रद्द. १ एप्रिल २०२५ला शुल्कही शून्य. वीस महिन्यांत निदान पाच वेळा धोरण फिरलं. त्या काळात कुणाच्याही गाडीचा हप्ता एकदाही फिरला नाही.

डाळिंबवाल्या आणि अर्ली द्राक्षवाल्या घरांचं गणित थोडं वेगळं, पण तिथेही पैसा वर्षातून एकदा येतो आणि एका गारपिटीत जातो. काही फायनान्स कंपन्या शेतकऱ्यांना सहामाही हप्ते देतात. कर्ज घ्यायचंच असेल तर ते विचारा. पण पीक गेलं तर सहामाही हप्ताही हप्ताच असतो. तो चुकला की सिबिल स्कोअर घसरतो, आणि मग दोन वर्षांनी तुमच्याच शिक्षणाच्या किंवा धंद्याच्या कर्जासाठी बँकेत गेलात की तो आकडा समोर येतो.

मधला रस्ता : सेकंडहँड स्पोर्टी

तिसरा पर्यायही आहे आणि आपल्याकडे तो खूप जण निवडतात. मारुतीची बलेनो आरएस (२०१७ ते २०२०), फोक्सवॅगनची पोलो जीटी, वापरलेली आय-२० एन लाइन. कंपनीनेच दिलेली ताकद, त्या ताकदीला साजेसे ब्रेक, आरसी स्वच्छ. किमतीत झालेली पहिली घट आधीच्या मालकाने सोसलेली.

पण तीन गोष्टी तपासा. एक, सर्व्हिस. मारुती आणि महिंद्राचं काम करणारे हात सटाण्यात गल्लोगल्ली आहेत. टर्बो पेट्रोल आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स उघडणारा माणूस मात्र नाशिकला, म्हणजे साधारण नव्वद किलोमीटरवर. बिघडलेली गाडी टोईंगवर नेण्याचा खर्च हिशेबात धरा.

दोन, 'दिल्लीची गाडी'. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांवरच्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली, तरी ओघ काही लगेच थांबत नाही. स्वस्त दिसणाऱ्या या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. हे सगळं धरून किंमत काढा, मग स्वस्त आहे का ते ठरवा.

तीन, नाव. गाडी घेताना आणि जुनी देताना फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपले टीटी फॉर्म, नुसते सही करून ठेवू नका. नाव प्रत्यक्ष बदललं का ते परिवहनच्या वेबसाइटवर बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगितलंय की, आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. तुम्ही विकलेल्या गाडीने दुसऱ्याने कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या घरी येऊ शकते.

वेगाचं काय?

हौस वेगाची असेल तर वेगाबद्दल बोललंच पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलेलं आहे. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शने दोघांचा जीव घेतला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे कलम त्याआधी जवळपास पाच वर्षांपासून कायद्यात होतं.

फिजिक्सही विसरू नका. वेग ८०वरून १२० केला तर तो दीडपट होतो, पण गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट होते. ब्रेकला तेवढी जिरवावी लागते. विंचूर-प्रकाशा रस्त्यावर रात्री कांद्याचा ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना पुढे असतो, तेव्हा हे सव्वादोनपट पुस्तकातलं राहत नाही. साल्हेर किल्ला जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. तिकडच्या अरुंद रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांची भर पडली तर ती आणखी वेगळी.

मग वेगाची हौस मारायची का? नाही. तिला जागा द्यायची. नाशिकने 'रॅली ऑफ महाराष्ट्र' पाहिली आहे. रॅलीतल्या गाड्याही मॉडिफाय केलेल्याच असतात, पण तिथे रोल केज, हेल्मेट, तपासणी, बंद रस्ता हे सगळं आधी आणि वेग नंतर. पुण्याचे संजय टकले २०२५च्या डाकार क्लासिकमध्ये जुन्या टोयोटा लँड क्रूझरवर उतरले. जुनी गाडी आणि वेग यांचं वैर नाही. वैर आहे ते जुनी गाडी, वेग आणि चालू रस्ता हे तिन्ही एकत्र येण्याशी.

कायद्यातही एक दार हवं

इथे सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा. जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्था गाडीतला बदल तपासतात, सुरक्षित असेल तर कागदावर नोंद करून देतात. बदल कायदेशीर, गॅरेजवाल्याचा धंदा कायदेशीर. आपल्याकडे पुण्यात १९६६पासून एआरएआय ही मोटारींची चाचणी करणारी मोठी संस्था आहे, पण ती कंपन्यांसाठी. तुमच्यासारख्या एका मालकाने चांगलं सस्पेन्शन बसवून ते तपासून घ्यावं आणि आरसीवर चढवावं, असा सोपा मार्ग नाही. त्यामुळे चांगला बदल आणि धोकादायक बदल दोन्ही एकाच रांगेत उभे राहतात, आणि आयटीआय करून गॅरेज टाकणारी हुशार पोरं कायम पावतीच्या भीतीत काम करतात. सरसकट 'नाही' म्हणण्यापेक्षा तपासून 'हो' म्हणणं रस्त्यासाठी जास्त सुरक्षित ठरेल.

मग काय करायचं?

दार उघडेपर्यंत निर्णय असा घ्या :

• गाडी पंधरा वर्षांच्या आतली आहे, इंजिन ठणठणीत आहे आणि घरचं उत्पन्न पिकावर आहे? ठेवा. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, दिवे यांवर खर्च करा. ताकद वाढवण्याच्या भानगडीत पडू नका.

• ताकदच हवी आहे? मग ती कंपनीकडून घ्या, गॅरेजकडून नाही. नवी परवडत नसेल तर स्वच्छ कागदांची सेकंडहँड.

• हप्ता घरच्या सगळ्यात वाईट वर्षाच्या उत्पन्नातून भरता येतो का, ते बघा. चांगल्या वर्षाचा हिशेब शोरूमवाला करून देतोच.

• गाडीला एअरबॅग आणि एबीएस नसेल आणि ती रोज हायवेवर चालत असेल, तर मॉडिफिकेशनचे दीड लाख बाजूला ठेवा. ते पुढच्या सुरक्षित गाडीचं डाउन पेमेंट आहे.

• आणि बदल करण्याआधी आरसी उघडून मालकाच्या रकान्यातलं नाव वाचा. दंड, कैद, नोटीस सगळं त्या नावाने येणार आहे. त्या माणसाला समोर बसवून हा सगळा हिशेब सांगा. त्यांनी 'हो' म्हटलं तर पुढे जा.